कुणाला होतो आणि कुणाचा मेंदू झिजतो

आमच्या ऑफिसात एक सीनियर होते, सगळे त्यांना दादा म्हणायचे. माऊसला हात न लावता अख्ख्या महिन्याचा रिपोर्ट एक्सेलमधून काढणारा माणूस. एकेचाळीस वर्षांचे असताना त्यांचा डावा पाय जड पडायला लागला, हाडांच्या डॉक्टरांनी मणक्यात गॅप आहे म्हणून पट्टा दिला, मग कुणीतरी बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली (शाकाहारी माणूस मुंग्या येतात म्हणाला की आपल्याकडे पहिलं तेच होतं, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं), असं करत करत जवळपास दोन वर्षं गेली आणि मग कुणालातरी मेंदूचा एमआरआय करायचं सुचलं. एमएस निघाला, म्हणजे मल्टिपल स्क्लेरॉसिस. घरातल्या एका पोराने तिथल्या तिथे मोबाईलवर शोधलं आणि म्हणाला, "पण हा तर लेडीजना होतो ना?"

दुसरी माझी मावसबहीण. सव्विसाव्या वर्षी तिला एका डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, डोळा फिरवला की दुखायचा. आधी चष्म्याचा नंबर बदलला, मग घरच्यांनीच निदान करून टाकलं की लग्नाचं टेन्शन घेतेय. महिन्याभरात डोळा आपोआप सुधारला, त्यामुळे टेन्शनवाल्यांचं म्हणणं खरंच ठरलं. वर्षभराने कमरेखाली बधिर झाली तेव्हा कुठे न्यूरोकडे नेलं आणि तिलाही एमएसच निघाला. नंतर अटॅकवर अटॅक (म्हणजे एमएसची लक्षणं अशी अचानक उसळणं), स्टिरॉईडची किती सलाईन लागली ते आता तिलाही आठवत नाही. आज चौदा वर्षं झाली, ती दहावीच्या पोरांना गणित शिकवते आणि फळ्यावर गणित सोडवताना तिची एक पायरी चुकत नाही. दादांना निदान होऊन सहा वर्षं झाली, मोठा म्हणावा असा अटॅक एकच आला, आणि आता किराणा दुकानात सुट्टे मोजताना ते गोंधळतात.

दोन माणसांवरून सिद्धांत मांडू नये एवढं मलाही कळतं. उलट झालेलीही कितीतरी उदाहरणं असतील, बाई व्हीलचेअरवर आणि पुरुष ठणठणीत. पण जगभरच्या मोठमोठ्या रजिस्ट्र्यांमधून, म्हणजे पेशंटांच्या नोंदवह्यांमधून, गेली काही दशकं जे चित्र येतंय ते साधारण याच आकाराचं आहे, आणि तरी आपण त्यातला अर्धाच भाग सांगत राहतो. एमएस बायकांना जास्त होतो, हे प्रत्येक लेखात, प्रत्येक व्हिडिओत, प्रत्येक जागतिक दिनाच्या पोस्टरवर असतं. झाल्यावर मेंदूचं काय होतं आणि कुणाचा जास्त वेगाने झिजतो, हा प्रश्न वेगळा आहे आणि त्याचं उत्तर पहिल्याच्या उलट्या दिशेने जातं. या दोन प्रश्नांची खिचडी केल्यामुळे बायकांचंही नुकसान होतंय आणि पुरुषांचंही, असं माझं स्पष्ट मत आहे.

आजार थोडक्यात सांगतो. मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवर मायलिनचं वेष्टण असतं, वायरवर प्लास्टिक असतं तसं. एमएसमध्ये शरीराचीच रोगप्रतिकारशक्ती ते कुरतडते. पण हे झालं वरवरचं, खाली दुसरंही काही चालू असतं. वेष्टण जळतं ती एक गोष्ट, आणि आतली नस, तिच्या मागची पेशी, मेंदूचा करडा भाग हळूहळू झिजत जातो ती दुसरी. जळणं एमआरआयवर चमकतं, अटॅक म्हणून जाणवतं, माणूस दवाखान्यात पळतो. झीज आवाज करत नाही. निरोगी मोठ्या माणसाचा मेंदूही वर्षाला साधारण ०.१ ते ०.३ टक्के आकसतोच, एमएसमध्ये हाच आकडा ०.५ पासून १.३ टक्क्यांपर्यंत जातो. एका वर्षात काही कळत नाही, वीस वर्षांचं चक्रवाढ व्याज लावून बघा.

तर जळण्याच्या बाबतीत बायका पुढे. अटॅक येणाऱ्या प्रकारात एका पुरुषामागे दोन ते तीन बायका असतात, अटॅक त्यांना जास्त येतात. वयात येण्याआधीच्या मुलामुलींमध्ये हा फरक जवळपास नसतो, पाळी सुरू होण्याच्या वयापासून तो वाढत जातो. शिवाय तो स्थिर नाही, कॅनडातल्या पेशंटांच्या जन्मवर्षानुसार आकडे लावले तेव्हा पन्नास वर्षांत बायकांचं प्रमाण चढत चढत तीनास एकच्या वर गेलेलं दिसलं, ते २००६ साली छापून आलं. एवढ्या कमी काळात जीन्स बदलत नाहीत, म्हणजे बाहेरचं काहीतरी, राहणीमानातलं, बायकांवर जास्त परिणाम करतंय.

झिजण्याच्या बाबतीत मात्र पुरुष. त्यांना आजार सरासरीने थोडा उशिरा गाठतो पण अपंगत्व लवकर येतं. सुरुवातीपासूनच अटॅकशिवाय हळूहळू घसरत जाणारा जो प्रकार आहे, प्रायमरी प्रोग्रेसिव्ह, त्यात ते तीनास एक वगैरे काही राहत नाही, बायका-पुरुष जवळपास सारखेच. आणि अॅमस्टरडॅमच्या गटाने किंवा लॉस एंजेलिसमधल्या यूसीएलए विद्यापीठाच्या गटाने स्कॅन मोजले तेव्हा पुरुषांच्या मेंदूत थॅलॅमससारख्या खोल भागांची झीज ठळक दिसली. थॅलॅमस म्हणजे मेंदूचं मनमाड जंक्शन समजा, बहुतेक सगळ्या गाड्या तिथून जातात. जंक्शनच अरुंद झालं की कुठली एक गाडी बंद पडत नाही, सगळ्याच लेट होतात. दादांचं नेमकं हेच झालंय, काही एक गोष्ट गेलीय असं नाही, सगळंच लेट.

हे का होतं त्यावर यूसीएलएच्या रोंडा वोस्कुल यांच्या गटाने उंदरांवर केलेलं काम मला फार भारी वाटतं. हार्मोन बाजूला काढून नुसत्या क्रोमोसोमचा परिणाम बघायचा अशी उंदरांची खास जात आहे. त्यात एक्स-एक्सवाली, म्हणजे मादीच्या क्रोमोसोमची, प्रतिकारशक्ती जास्त आक्रमक निघाली. मग त्यांनी उलटं करून बघितलं, सगळ्यांना प्रतिकारशक्ती एकच दिली आणि मेंदू तेवढा वेगळा ठेवला, तर एक्स-वायवाल्या, म्हणजे नराच्या क्रोमोसोमच्या, मेंदूचं नुकसान जास्त झालं. हे २०१४ चं काम. म्हणजे हल्ला करणारी बाजू बाईच्या शरीरात कडक, आणि हल्ला सोसणारी बाजू पुरुषाच्या शरीरात कच्ची. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य, पण माणसांच्या आकड्यांशी हे इतकं जुळतं की दुर्लक्ष करणं अवघड आहे.

आता इतिहासाकडे जरा वळतो कारण त्यात गंमत आहे, कडवट आहे पण आहे. या आजाराचं पहिलं नीट वर्णन १८६८ साली शार्को या फ्रेंच डॉक्टरने केलं, पॅरिसच्या साल्पेट्रिएरमध्ये, आणि ते होतं गरीब, म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या बायकांचं इस्पितळ. त्याच इस्पितळात त्याच शार्कोने नंतर हिस्टेरियाचे प्रयोग लोकांसमोर करून दाखवले. म्हणजे एकाच छताखाली बाईच्या नसांचा खरा आजारही सापडला आणि बाईच्या प्रत्येक तक्रारीवर मारायचा शिक्काही घडला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बऱ्याच डॉक्टरांना एमएस हा पुरुषांचा आजार वाटायचा, कारण तीच लक्षणं घेऊन बाई आली की ती हिस्टेरियात जमा. माझ्या मावसबहिणीच्या लग्नाच्या टेन्शनचा पणजोबा पॅरिसचा आहे असं म्हणायला हरकत नाही.

पुरुषांच्या बाजूलाही असाच एक किस्सा आहे. एमएसचं अपंगत्व मोजायची जी पट्टी आज जगभर वापरतात, ईडीएसएस, ती कुर्ट्झके या अमेरिकन न्यूरोलॉजिस्टने बनवली, आधी १९५५ साली आणि मग वाढवून १९८३ साली. तिची सुरुवात माजी सैनिकांच्या दवाखान्यात झाली, म्हणजे पेशंट मुख्यतः पुरुष. पट्टी शून्य ते दहा. चारच्या पुढे जवळजवळ सगळा भर तुम्ही किती मीटर चालता यावर, सहा म्हणजे काठी लागते. माणूस किती हळू विचार करतो, काय विसरतो, याला त्यात फारसं वजनच नाही. आणि बघा, पुरुषांवरून बनवलेली पट्टी, आणि पुरुषांना एमएसमध्ये जे जास्त भोगावं लागतं तेच ती धड मोजत नाही! नव्या औषधांच्या बहुतेक मोठ्या ट्रायल्सचा अपंगत्वाचा निकाल याच पट्टीवर लागतो.

इथे कुणीतरी म्हणेल, आणि आमच्या ग्रुपवर एका मैत्रिणीने मला म्हटलंच, की बाईचा मेंदू वेगळा आणि पुरुषाचा वेगळा हे पालुपद पुन्हा कशाला, यातून शेवटी बायकांनाच कमी लेखायला साधन मिळतं. तिचं म्हणणं हवेतलं नाही. शार्कोच्याच काळात, त्याच पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाचा डॉक्टर मेंदू तराजूत टाकून वजन करत होता आणि बायकांचा मेंदू हलका म्हणून बुद्धी कमी असं सांगत होता, आणि तेव्हाच्या चांगल्या चांगल्या लोकांना ते पटत होतं. पण ब्रोकाची चूक मोजण्यात नव्हती. निरोगी माणसांची सरासरी घेऊन त्याने कोण वरचढ ते ठरवलं, ती होती. इथे प्रश्न पेशंटचा आहे. ज्या आजारात एक्स आणि वाय दोन वेगळ्या जागी दगा देतात तिथे सरसकट माणूस म्हणून सरासरी काढणं म्हणजे समानता नव्हे, ते डोळे मिटणं आहे. झोपेच्या झोल्पिडेम गोळीचं उदाहरण घ्या, बायकांच्या शरीरात ती सकाळपर्यंत जास्त उरते हे लक्षात येऊन अमेरिकेच्या एफडीएने (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) त्यांचा डोस निम्मा केला तो थेट २०१३ साली, गोळी बाजारात येऊन वीस वर्षं झाल्यावर. तोपर्यंत समानतेच्या नावाखाली सगळ्यांना एकच गोळी चालू होती.

दुसरा आक्षेप स्टॅटिस्टिक्सवाल्यांचा आणि तो मला जास्त जड वाटतो. ट्रायलचे पेशंट असे कापत गेलात, बायका वेगळ्या, पुरुष वेगळे, मग चाळिशीच्या आतले, मग वरचे, तर कुठल्या ना कुठल्या तुकड्यात काहीतरी चमत्कार दिसणारच, आणि कंपन्या तोच घेऊन नाचतील. खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे निकाल बघून कापू नका, ट्रायल सुरू करायच्या आधीच लिहून ठेवा की मेंदूची झीज आणि विचारांचा वेग हे दोन्ही बाई-पुरुष वेगवेगळे मांडणार, आणि तेवढे पुरुष घ्या. तीन बायकांमागे एक पुरुष घेऊन ट्रायल करायची आणि पुरुषांचा आकडा छोटा म्हणून फरक सांगता येत नाही असं म्हणायचं, हे म्हणजे आपणच दार लावून घ्यायचं आणि आत अंधार आहे म्हणायचं.

बायकांच्या बाबतीतला अन्याय वेगळ्याच जागी आहे, औषधात. फ्रान्सच्या राष्ट्रीय रजिस्ट्रीत २२ हजारांहून जास्त पेशंटांचा हिशोब काढला तेव्हा दिसलं की त्याच आजाराला बायकांना औषध, विशेषतः जोरदार औषध, पुरुषांपेक्षा कमी वेळा आणि उशिरा दिलं जातं, आणि हे फक्त गरोदरपणापुरतं नाही. पोटात मूल नाही, ठरवलेलंही नाही, नुसतं पुढेमागे होईल म्हणून हात आखडता. फ्रान्समध्ये ही तऱ्हा, आपल्याकडे तर लग्नाच्या बोलणीत आजार लपवायचा असतो, मग महिन्याला दवाखान्यात जाऊन घ्यायचं औषध कुठून चालणार. टेरिफ्लुनोमाइडसारख्या गोळ्या गरोदरपणात खरंच चालत नाहीत, पण ग्लॅटिरामेर आणि इंटरफेरॉन या इंजेक्शनांचा तिथला अनुभव बऱ्यापैकी दिलासा देणारा आहे, म्हणजे पर्याय असतात, फक्त बसून बोलायला वेळ कुणाला नसतो.

मुळात गरोदरपणाची भीतीच जुनी आहे. एके काळी डॉक्टर एमएसवाल्या बाईला मूल होऊ देऊ नका सांगायचे. १९९८ साली युरोपातल्या १२ देशांमधल्या २५४ बायकांचा अभ्यास आला आणि दिसलं काय, तर शेवटच्या तीन महिन्यांत अटॅकचं प्रमाण साधारण ७० टक्क्यांनी खाली जातं, बाळंतपणानंतर पहिले तीन महिने ते वर उसळतं, आणि मग पूर्वीच्या जागी येतं. एवढा मोठा फरक पाडणारं औषध त्या वेळी बाजारात नव्हतं. त्या शेवटच्या महिन्यांत शरीरात एस्ट्रिऑल नावाचं हार्मोन खूप वाढलेलं असतं, म्हणून वोस्कुल यांनी तेच गोळीतून दिलं, १६४ बायका, अमेरिकेतली १६ केंद्रं, निकाल २०१६ साली आला, अटॅक कमी झाले, पण दोन वर्षांचा निकाल अगदी ठणठणीत म्हणावा असा नव्हता. तरी त्याच बायकांच्या स्कॅनमध्ये नंतर बघितलं तर करड्या भागाची झीज कमी आणि विचारांचा वेग सुधारलेला, हे एकमेकांशी जुळत होतं.

पुरुषांमध्ये २००७ साली टेस्टोस्टेरॉनची जेल लावून बघितली. किती पुरुष? दहा. दहा पुरुष, एक वर्ष, आणि झीज मंदावलेली दिसली. इतकी आशा दाखवणारी गोष्ट, आणि त्यानंतर फ्रान्समध्ये चाळीसेक पुरुषांची एक ट्रायल आखली गेली, मोठी म्हणावी अशी कुठे नाहीच. (म्हणून कुणी जिमवाल्याकडून आणून लावू नका, दहा माणसांवरून औषध ठरत नसतं, रक्त घट्ट होण्यापासून बाकी बरीच भानगड होऊ शकते.) ही हार्मोनं जुनी आहेत, स्वस्त आहेत, त्यांच्यावर नव्या औषधासारखं पेटंट मिळत नाही. ज्यात कुणाला पैसा नाही ते तपासायचं काम सरकारी पैशाचं असतं, आणि हा मुद्दा फक्त अमेरिकेला लागू नाही, स्वस्त औषधाची गरज आपल्याला त्यांच्यापेक्षा जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये पहिल्यांदा एमएसची औषधं अत्यावश्यक यादीत घेतली आणि त्यात रिटुक्सिमॅब आहे, जे आपल्याकडचे न्यूरोलॉजिस्ट वर्षानुवर्षं परवडतं म्हणून वापरतायत. म्हणजे महागड्या औषधाची वाट न बघता काम करणं आपल्याला जमतं.

आणि पाळी जाण्याचं काय? ज्या हार्मोननी आतापर्यंत राखलं असं आपण म्हणतोय ते गेल्यावर बाईच्या एमएसचं पुढे काय होतं यावर अभ्यास एकमुखी नाहीत, काहींमध्ये अपंगत्वाचा वेग वाढलेला दिसतो. आपल्याकडे पाळी पाश्चात्त्य देशांपेक्षा सरासरी काही वर्षं आधीच जाते. त्यात २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं होतं ते आठवा. एमएसशी त्याचा थेट संबंध नाही, पण पिशवीबरोबर तरुण वयात अंडाशयही काढलं तर पुढे मेंदूवर, स्मरणशक्तीवर परिणाम होण्याचा धोका वाढतो, हे अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या अभ्यासात २००७ लाच दिसलेलं. कंबर दुखते म्हणून आलेल्या तिशीतल्या बाईला हे कुणी सांगितलं असेल असं मला वाटत नाही.

भारतात एमएस दुर्मिळ, असं बरीच वर्षं मानलं जायचं. मुंबई-पुण्याच्या पारशांमध्ये मात्र तो इतरांपेक्षा कितीतरी जास्त आहे हे इथल्याच न्यूरोलॉजिस्टांनी १९९० च्या आसपास मांडलं होतं, आणि एमआरआय गावोगाव पोचल्यावर बाकीच्यांचेही पेशंट दिसायला लागले. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचं नाव स्पष्ट आहे, ती मोठी गोष्ट झाली. पण सवलतींना ४० टक्के अपंगत्व लागतं, आणि दादा टक्केवारीसाठी गेले तेव्हा पाय चालतात, हात चालतात, मग टक्के कशाचे, असा प्रकार झाला. ज्याची नोकरी डोक्यावर होती त्याचे पाय मोजून त्याला घरी पाठवलं.

माझी मागणी काही रॉकेट सायन्स नाही. एक चाचणी असते, वर चिन्हं आणि त्यांचे आकडे दिलेले असतात, खाली नुसती चिन्हं, नव्वद सेकंदात जितके जमतील तितके आकडे सांगायचे. एसडीएमटी म्हणतात. यंत्र लागत नाही, घड्याळ आणि कागद लागतो. ती प्रत्येक एमएस पेशंटची वर्षातून एकदा व्हावी आणि फाईलमध्ये आकडा लिहिला जावा, मराठीतून व्हावी. एमआरआयच्या रिपोर्टमध्ये नवे डाग किती एवढंच न लिहिता मेंदू मागच्या वेळेपेक्षा आकसलाय का यावर एक ओळ यावी. आणि इथल्या रजिस्ट्रीत, इथल्या ट्रायलमध्ये हे सगळं बाई-पुरुष वेगळं करून छापावं, बाईच्या पुढे पाळी चालू आहे की गेली हेही. लगेच औषधं वेगळी करा असं मी म्हणत नाहीये, एवढा पुरावा अजून नाही. आधी मोजा तरी. आणि सरासरीतला फरक म्हणजे समोरच्या माणसाचं भविष्य नव्हे हेही त्याच दमात सांगा, नाहीतर उद्या प्रत्येक पुरुष पेशंटला घरचे आत्तापासूनच वेड्यात काढतील.

मागच्या महिन्यात दादांची सहामाही तपासणी होती. डॉक्टरांनी गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, रेषेत चालायला लावलं, स्कॅन बघून म्हणाले, नवीन डाग नाही, एकदम स्टेबल. वहिनी म्हणाल्या, "डॉक्टर, हे गॅसवर दूध ठेवतात आणि समोर उभे राहूनच विसरतात." डॉक्टर हसून म्हणाले, अहो माझंही होतं तसं, बाहेर चाळीस पेशंट बसलेत. फाईलवर लिहिलं, काही नवीन तक्रार नाही. वहिनींनी घरी येऊन माझ्या मावसबहिणीला फोन लावला, दोघींची ओळख मीच करून दिली होती. तिने त्यांना शंभर पानी वही आखून दिलीय, तारीख, काय विसरले, किती वाजता, किती वेळाने आठवलं. पहिल्या पानावर सहा ओळी झाल्यात. त्यातली चौथी ओळ दादांनी स्वतः लिहिलीय, आणि पाचवीतही तेच लिहिलंय.